मंगल, तुझ्या सहीचा विषय पुन्हा निघालाय

ठाणे,
रविवार, दुपार

प्रिय मंगल,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धड आहोत. माझे गुडघे होते तिथेच आहेत, ह्यांची साखर ह्यांच्या जिभेच्या ताब्यात आहे. फोनवर बोलले असते, पण निखिल घरात असतो आणि विषय त्याचाच आहे. थोडा तुझाही आहे, म्हणून लिहायला बसले.

गेले काही महिने पोरगा डबा मागायला लागला. ऐरोलीला नोकरी लागल्यापासून डब्याला नाक मुरडणारा हा, एकदम 'आई, दोन पोळ्या जास्त दे' म्हणायला लागला. मी खूश! शेजारच्या वहिनींना सांगूनही आले की निखिल सुधारला. मग कळलं की स्टेशनपासून ऑफिसपर्यंत शेअर रिक्षाही सोडलीय, चालत जातो. तेव्हा मात्र मनात पाल चुकचुकली. आपला निखिल आणि चालणं? रात्री ताट वाढून समोर बसले आणि सरळ विचारलं, "किती आहे?"

६२,०००. क्रेडिट कार्डावर.

मोबाईल घेतलाय, तोही दुसऱ्यासाठी. ऑफिसातल्या मित्राला कोणी कार्ड देत नव्हतं (इथेच शहाण्याने काय ते ओळखावं की नाही?), म्हणून ह्याने आपलं पुढे केलं. मित्र दर महिन्याला पैसे पाठवणार होता. दोनदा पाठवले, मग नोकरी सोडून गावी गेला. आता 'पुढच्या महिन्यात नक्की, भावा' एवढाच मेसेज येतो. हे वाचताना तुला कोण आठवलं ते मला ठाऊक आहे. नाव लिहीत नाही, तुझा बीपी वाढेल.

माझं डोकं फिरलं ते पुढचं ऐकून. म्हणे, "टेन्शन घेऊ नकोस, मी मिनिमम ड्यू भरतो ना." म्हणजे बिलातली कमीत कमी रक्कम भरायची, बाकी पुढे ढकलायची. मी स्टेटमेंट उघडायला लावलं आणि कॅल्क्युलेटर घेतला. तोच, कंपनीतला, आठचं बटण दोनदा दाबावं लागतं तो. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे वर्षाला ४२. ह्याने भरले ३,१००. त्यातले २,१७० व्याजाचे, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३९०. मूळ कर्जातून कमी झाले ५४०! पोरगं उन्हातून चालत जातं, आणि फिटतात पाचशे चाळीस रुपये.

शिवाय मागची बाकी राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. ह्याने लोकलचा पास त्याच कार्डावर काढलेला. पासावर बेचाळीस टक्के व्याज भरणारा ठाणे-वाशी लाइनवरचा हा पहिलाच प्रवासी असावा. नुसतं मिनिमम भरत राहिलात तर फेडायला वर्षं जातील, असं स्टेटमेंटवर छापलेलंही असतं. रिझर्व्ह बँकेने छापायला लावलंय. वाचतंय कोण?

आणि दुसरीकडे साहेबांची म्युच्युअल फंडात दरमहा हजार रुपयांची एसआयपी चालूच. "लाँग टर्म आहे आई, बारा टक्के सुटतील." सुटतीलही, कोणी लिहून दिलेलं नाही. पण बेचाळीस टक्के देऊन बारा टक्क्यांची वाट बघणं, हे कुठल्या शाळेत शिकवतात? वर जुन्या कंपनीचा पीएफ काढायचा बेत. म्हटलं, हात लावून बघ! सव्वाआठ टक्के मिळतायत, पाच वर्षं भरायच्या आत काढलास तर टॅक्स बसेल, तो गप नव्या कंपनीकडे ट्रान्सफर कर.

ह्यांचं नेहमीचं: "भरून टाक, विषय संपव." बाथरूमचा नळ पावसाळ्यापासून गळतोय, तो विषय ह्यांनी अजून संपवलेला नाही.

मी शेवटी माझ्या एफडीवर कर्ज काढलं. एफडीच्या व्याजाच्या वर टक्का-दोन टक्के, म्हणजे बेचाळीसच्या जागी आठ-नऊ. कार्डाची बाकी शून्य केली. निखिलने दरमहा ६,००० द्यायचे, वर्षाच्या आत मोकळा. पुढे तेच सहा हजार बचत खात्यात वेगळे टाकायचे, निदान तीन महिन्यांचा खर्च साठेपर्यंत. वहीत लिहून सही घेतली. हो, सही! हसू नकोस.

हिशेब असा सुटला. अडलंय ते पुढे. मी म्हटलं, त्या मुलाला लेखी मेसेज कर, त्याच्या घरी फोन लाव, पैसे माग. तर हा तयार नाही. 'त्याची आई आजारी आहे, बरं दिसत नाही.' मी म्हटलं, भीड भिकेची बहीण. त्यावर काय म्हणाला सांगू? "मंगलमावशीने केलं तर ती देवमाणूस, मी केलं तर गाढव?"

मंगल, मला उत्तर देता आलं नाही. कारण तुझ्यासारखी बाई जगात नाही, हे त्याने माझ्याच तोंडून शंभरदा ऐकलंय. आणि पतपेढीच्या टेबलावर तो जामिनाचा फॉर्म मागे सरकवणारीही मीच. "शैले, तुझ्या पेनात काय सोन्याची शाई आहे का?" म्हणालीस आणि महिनोन्महिने दुसऱ्या टेबलावर डबा खाल्लास. मी आजही सही करणार नाही, तो वाद पुन्हा नको.

पण निखिलला अर्धीच गोष्ट माहीत आहे. जिच्या कर्जाला तू जामीन राहिलीस, तिचा हप्ता तुझ्या पगाराच्या स्लिपवर उमटला तो महिना मला आठवतो. आधी तिच्याकडून वसूल करतील, मग आपल्याकडे येतील, असं तू धरून चालली होतीस. वकिलाने नंतर सांगितलं, १८७२ चा करार कायदा, कलम १२८, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. निखिल तर जामीनदारही नाही. कार्ड त्याचं, कर्ज त्याचं, बँकेच्या लेखी तो मित्र जन्मालाच आलेला नाही. तारीख चुकली असती तर सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज वेळेवर फेडण्याचे गुण, ह्याचाच पडला असता, आणि उद्या घराच्या कर्जाला गेला की तोच आकडा आधी बघतात.

त्या दिवाळीला शर्वरीचा फ्रॉक तू जुन्या साडीचा शिवलास. आणि ती बया गोखले रोडवर नवी कोरी साडी नेसून समोर आली, तर तू थांबून तिची चौकशी केलीस! मला तेव्हा तुझाच राग आला होता. तू तिच्याकडे पैसे मागितलेस का गं कधी? मी इतक्या वर्षांत विचारलं नाही. विचारलं असतं तर 'मी सांगितलं होतं ना' असंच ऐकू आलं असतं तुला.

तर आता विचारते, आणि मला नको, त्याला सांग. मैत्री ठेवून पैसे मागता येतात का, मागितले नाहीत तर पुढे काय राहतं. गोड बोलू नकोस, आकडे सांग. दर महिन्याला किती कापले जायचे, हातात किती यायचे.

शर्वरीची तारीख कधीची? काजूला मोहर आला का? आणि वानरांचा बंदोबस्त झाला की अजून तूच काठी घेऊन फिरतेस? सविस्तर नंतर लिही.

रविवारी सकाळी तो घरी असतो. आधी मला मिस्ड कॉल दे, मी भाजी आणायला बाहेर पडते म्हणून सांगेन. जाणार कुठे, जिन्यातच उभी राहीन.

तुझी,
शैला