डीव्हीडी पेनड्राइव्हवर घेताना आधी इमेज काढा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

लग्नामुंजीच्या डीव्हीडी पेनड्राइव्हवर भरून देण्याच्या पाट्या हल्ली शहरात पेठोपेठी दिसतात. घरच्या घरी हा उद्योग करणारेही पुष्कळ आहेत. दोन्हीकडची तक्रार एकच: अक्षता पडेपर्यंत सगळं सुरळीत, पाठवणीला चित्र गोठतं आणि सॉफ्टवेअर बंद पडतं. मग ‘डिस्क गेली’ असा निकाल देऊन ती कचऱ्यात जाते. पुष्कळदा ती पुरती गेलेली नसते. डिस्क ड्राइव्हमध्ये घालून थेट एमपीफोर करायला घेतलेलं असतं, घोटाळा तिथे होतो.

डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. डिस्क भरलेली असेल तर पाठवणी अगदी काठाजवळ येते, आणि बोटांचे ठसे, ओरखडे काठालाच जास्त. त्यात वधूवरांचा फोटो छापलेला तो गोल स्टिकर. दमट हवेत कागद फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो, डिस्क केसभर वाकते. १६ एक्स, म्हणजे वाचनाच्या मूळ वेगाच्या सोळापट, वेगाला ती मिनिटाला नऊ-दहा हजार फेरे घेते. त्या वेगात काठ डोलला की लेन्सला खूण सापडत नाही आणि ड्राइव्हमधून घरघर, टकटक सुरू होते. स्टिकर उपटू मात्र नका. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात, ओढाताणीत त्या सुटतात. त्यापेक्षा ड्राइव्हचा वेग ४ एक्सवर आणा. पुसायचं ते मऊ सुती कापडाने, मधल्या भोकाकडून काठाकडे सरळ. गोल गोल नाही. टूथपेस्ट घासण्याचा सल्ला देणाऱ्याला डिस्क देऊच नका.

आता मुख्य काम. आधी पूर्ण डिस्कची आयएसओ इमेज, म्हणजे एकाच फाइलमधली जशीच्या तशी नक्कल, हार्डडिस्कवर उतरवा, रूपांतर नंतर त्या इमेजवरून करा. रूपांतर करणारी सॉफ्टवेअर वाईट सेक्टरशी, म्हणजे डिस्कवरच्या न वाचता येणाऱ्या छोट्या तुकड्याशी, चार वेळा झटतात, मग तो तुकडा गाळतात किंवा काम सोडतात. विंडोजमध्ये साधी कॉपी केली तरी ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ म्हणून ती थांबते. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे फुकट साधन उलट्या चालीने जातं: आधी सुखाने वाचता येईल तेवढं उचलतं, अडलेल्या जागा नकाशाच्या फाइलमध्ये टिपून ठेवतं आणि त्यांच्याकडे शेवटी वळतं. सेक्टरचं माप २०४८ बाइट द्यायचं. खरी गंमत पुढे आहे. तीच नकाशा फाइल ठेवून डिस्क दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घाला. एका लेन्सला न दिसलेले सेक्टर दुसरीला बऱ्याचदा दिसतात. धडधाकट डिस्क वीसेक मिनिटांत उतरते, खराब डिस्कला रात्रभर लागू शकते. लागू द्या. ४.७ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४.३७ दिसते, तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. काही हरवलेलं नसतं.

यूएसबीला जोडलेला बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह मध्येच गायब होत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी वायर बघा. ड्राइव्हला वीज कमी पडते. डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला जोडा किंवा दोन तोंडांची केबल वापरा. कॅमेऱ्यातली छोटी, ८ सेंटिमीटरची डिस्क कोरी दिसली तर ती बहुधा फायनलाइज, म्हणजे चित्रीकरणानंतर पक्की बंद, झालेली नाही. ज्या कॅमेऱ्यात चित्रीकरण झालं तो हाताशी असेल तर त्यातच ते काम करून घ्या.

काही ठिकाणी डिस्कवरच्या व्हिडिओ टीएस फोल्डरमधल्या १ जीबीच्या व्हीओबी (चित्र-आवाजाच्या) फाइली नुसत्या जोडून किंवा नाव बदलून दिल्या जातात. वेळेच्या खुणा मध्येच शून्यावर येतात आणि मंगलाष्टकांचा आवाज ओठांच्या मागे पडत जातो. अशा वेळी हॅण्डब्रेक या रूपांतराच्या फुकट सॉफ्टवेअरला सुटी फाइल न देता पूर्ण इमेज द्या, म्हणजे ते आयएफओ (क्रम सांगणाऱ्या फाइली) वाचून योग्य क्रम लावतं.

वरातीत लेझीम खेळणाऱ्यांच्या हातांना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात, तो डिस्कचा दोष नव्हे. आपल्याकडची पाल (भारतातल्या टीव्ही पद्धतीची) डीव्हीडी ७२० बाय ५७६ ची, सेकंदाला २५ फ्रेमची, आणि प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांची अर्धी अर्धी चित्रं असतात. हॅण्डब्रेकच्या डीइंटरलेसमध्ये (ही अर्धी चित्रं सुटी करण्याच्या सोयीत) बॉब निवडा, फ्रेमरेट ५० ठेवा. हॅण्डब्रेकचा नेहमीचा प्रीसेट ३० वर अडवतो आणि हालचाल धक्के खात चालते. चेहरे लांबट दिसले तर पिक्सेलचं प्रमाण चुकलंय: जुन्या चौकोनी चित्रासाठी ७६८ बाय ५७६, रुंद चित्रासाठी १०२४ बाय ५७६. कोडेक (चित्र दाबून साठवण्याची पद्धत) एच २६४, दर्जाचा आकडा आरएफ १८ ते २०, आवाज एएसी. एच २६५ ने फाइल लहान होते खरी, पण जुन्या टीव्हीवर नुसता आवाज येतो, चित्र नाही. आणि ‘फोर के करून देतो’ म्हणून जादा पैसे घेणाऱ्याला नमस्कार करा. तीन तासांचं लग्न एका ४.७ जीबीच्या डिस्कवर कोंबलं की सेकंदाला साडेतीन मेगाबिटच वाट्याला येतात. त्यात नसलेला शालूचा काठ नंतर कुठून येणार?

पेनड्राइव्हवर ‘फाइल फार मोठी’ असा निरोप आला तर तो फॅट ३२ या जुन्या मांडणीत आहे, ४ जीबीच्या पुढची फाइल घेत नाही. आतलं दुसरीकडे काढून ठेवून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पण तो तुमच्या टीव्हीला चालतो का ते आधी तपासा.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेल्या डिस्क अनेक घरांत अजून गाठोड्यात आहेत. वाळलेला गाळ पुसू नका, त्यातली रेती ओरखडे पाडते. स्वच्छ पाण्यात भिजत ठेवा, कागदी पाकीट चिकटलं असेल तर ओलं असतानाच सोडवा, पाण्यात साबणाचा एक थेंब, मग दोनदा धुऊन सावलीत वाळवा. अशी डिस्क पहिल्याच फेरीत इमेजसाठी लावा, ‘चालते का बघू’ म्हणून टीव्हीला नको.

दुकानात देत असाल तर एमपीफोरबरोबर आयएसओ फाइलही मागून घ्या आणि मूळ डिस्क परत आणा.

आपला नम्र,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर