वस्तादांचा शब्द राखणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या वस्तादांच्या, तुम्ही कॅसेटवरून उतरवून दिलेल्या आठवणींचे शेवटचे प्रकरण छापखान्यात गेले. त्यानंतर तालमीतली जुनी पोरे, म्हणजे आता पन्नाशी-साठी गाठलेली माणसे, कट्ट्यावर जमली. प्रत्येकाच्या बोलण्यात तुमचे नाव होते, पण ते जाहीरपणे लिहायला तुम्ही मनाई केली असल्यामुळे या पत्रात मी तुम्हाला नुसते ताई म्हणतो. मनाई नावापुरती होती, आभारांना नव्हती, असे धरून हे लिहीत आहे.

वस्तादांची कहाणी कागदावर यावी असे आम्हाला इतके का वाटत होते, हे कुस्तीच्या बाहेरच्या माणसाला सहज उमगत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभे केले, तालमींना आश्रय दिला, आणि कोल्हापूरला कुस्तीची पंढरी म्हणू लागले. पण या पंढरीत ज्यांनी पहाटेच्या अंधारात पोरांकडून जोर-बैठका काढून घेतल्या, ज्यांनी पोरांच्या खुराकासाठी स्वतःच्या घरचे दूध तालमीकडे वळवले, त्या वस्तादांची नोंद सहसा कुठेच होत नाही. गदा मल्लाच्या खांद्यावर येते, नाव मल्लाचे लागते, आणि वस्ताद गर्दीत मागे उभा असतो. मल्लांचीही आपण फार कदर केली असे नाही. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक १९५२ साली हेलसिंकीत मिळवून देणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९८४ साली गेले आणि त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. वस्ताद हा विषय काढत तेव्हा त्यांचा आवाज चढायचा, हे तुम्ही त्या कॅसेटवर ऐकलेच आहे.

त्या कॅसेट हेच आमचे सगळे धन होते. अखेरच्या काही वर्षांत, संध्याकाळची मेहनत आटोपल्यावर, वस्ताद कुस्तीच्या मातीच्या हौदाशेजारच्या कट्ट्यावर टेकायचे आणि आमच्यातला एक जण टेपरेकॉर्डर लावायचा. वारणाकाठचे गाव, घरात न सांगता कोल्हापूरला आलेला पोरगा, खासबागेतली पहिली कुस्ती, जत्रांच्या मैदानांतली हलगी, मॅट आल्यावर पोरांच्या चवड्यांना लागलेले नवे वळण, असे सगळे त्यात होते. हौदाच्या मातीवर तर ते एक अख्खी बाजू बोलले आहेत. तांबडी माती चाळून घ्यायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालायचे, आणि मग मूठभर माती दाबून पाहायची. "मुठीत गोळा झाला पायजे, आन् बोट लावलं की फुटला पायजे. न्हाय फुटला तर माती पोराचं ढोपर फोडती." ही वाक्ये बोलताना त्यांनी खरोखरच हातात माती घेतली असावी, कारण मध्येच ती खाली पडल्याचा बारीक आवाज येतो. तुम्ही तो आवाजही कंसात नोंदवला आहे.

तुमच्याकडे येण्याआधी या कॅसेट बऱ्याच हातांतून गेल्या, आणि ते आठवले की आजही संताप येतो. एका संस्थेने शाल-श्रीफळासह त्या स्वीकारल्या, फोटो काढले, आणि कपाटात टाकून दिल्या. चौकशीला गेलो की संबंधित माणूस रजेवर असे. शेवटी आम्ही त्या मागून आणल्या तेव्हा दोन कॅसेटवर बुरशी होती. एका गृहस्थांनी लिहून देतो म्हटले, पण चार पाने दाखवली ती वाचून आम्हाला आमचे वस्तादच ओळखू येईनात. "मी मातीशी इमान राखले," असे ते वस्तादांच्या तोंडी घालू पाहत होते. आयुष्यात असले वाक्य बोलणारा तो माणूस नव्हता. आणखी एक जण तर पहिल्याच भेटीत म्हणाले, तालमी-तालमींतली भांडणे काढा, कुठली कुस्ती कुणी पैसे घेऊन सोडली ते काढा, लोक तेच वाचतात. वस्तादांच्या घरच्या काकी तिथेच बसल्या होत्या. त्या काही न बोलता उठून आत गेल्या.

तुम्ही उभी हयात कोर्टात लघुलेखनाचे काम केलेत. निवृत्तीनंतर कुणा तिऱ्हाइताच्या सांगण्यावरून आमच्या कॅसेट हातात घेतल्यात. कुस्तीशी तुमचा काडीचा संबंध नव्हता. तरी डावांची नावे नुसती ऐकून लिहिणे तुम्हाला पटले नाही, म्हणून तुम्ही तालमीत आलात, कट्ट्यावर बसलात आणि दोन पोरांना कलाजंग सावकाश करून दाखवायला सांगितलात. एकाने खाली वाकून दुसऱ्याला खांद्यांवर आडवा उचलला, तेव्हा तुम्ही वहीत लिहिणे थांबवून त्याच्या पायांकडे पाहत होतात. वस्तादही आधी पायांकडेच पाहायचे.

पण या पत्राचे खरे कारण वेगळे आहे. एका कॅसेटवर वस्ताद एका जुन्या शिष्याविषयी बोलू लागतात. आवाज खाली येतो, आणि ते म्हणतात, "ह्ये तुझ्यापुरतं ठेव, कुणाला सांगू नगंस." टेप मात्र चालूच राहिली होती. ज्याने ती लावली तो आमचा गुरुबंधू आता हयात नाही, त्यामुळे तिच्यावर पुढे काय आहे हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते. ती कॅसेट उतरवताना एका संध्याकाळी तुमचा फोन आला. तुम्ही एवढेच म्हणालात, "इथं मी यंत्र बंद केलं आहे. पुढचं मी ऐकलेलं नाही. आधी घरच्यांनी ऐकावं, मग मला सांगावं."

ताई, तुम्ही तेव्हा घरात एकट्याच होतात. बटण दाबून पुढचे ऐकले असतेत तर कुणाला कळणार होते? लिहून पाठवले असतेत तरी आम्ही तुम्हाला दोष दिला नसता, काम तर तेच होते. गेलेला माणूस काही उठून जाब विचारत नाही. तरीही तुम्ही त्याचा शब्द तो समोर बसला असता तसा मानलात. मी ही गोष्ट काकींना सांगितली तेव्हा त्यांनी डोळ्याला पदर लावला, आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "पुस्तक आता ह्या बाईच्याच हातनं होऊ दे."

पुढचे आम्ही दोघांनीच ऐकले. ते एका घराच्या दुःखाविषयी आहे आणि त्या घरातली माणसे आजही आमच्यात वावरतात, म्हणून ते पुस्तकात नाही. जिथे तुम्ही थांबलात तिथेच ते प्रकरण थांबते. वाचणाऱ्याला ते अपुरे वाटले तरी चालेल.

मोठमोठ्या स्मारकांच्या घोषणा करणारी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली. त्यांच्यातल्या कुणाला वस्तादांविषयी आदर नव्हता असेही मी म्हणणार नाही. पण आपल्याकडे गेलेल्या माणसाचा मान बहुतेक वेळा हार, फलक आणि भाषणे यांत संपतो. तो काय म्हणाला, कसा म्हणाला आणि काय सांगू नको म्हणाला, हे मन लावून ऐकणारे फार थोडे. तुम्ही वस्तादांची भाषा कुठेही सोवळी केली नाहीत. सांगता सांगता ते मध्येच हौदातल्या पोरावर ओरडतात, "आरं, मान सोड, मनगट धर!", तेही जसेच्या तसे ठेवलेत. त्यातला एक पोरगा आज स्वतः वस्ताद आहे. त्याने मुद्रित पाने वाचली आणि त्या ओळीखाली पेन्सिलने स्वतःचे नाव लिहून ती मला परत दिली.

मानधनाचे पाकीट तुम्ही परत केलेत, तो विषय मी पुन्हा काढत नाही. एक गोष्ट मात्र आम्ही तुमचे न ऐकता ठरवली आहे. पत्रात नाव गाळले, पुस्तकात ते गाळणार नाही. पहिल्या पानावर वस्तादांच्या नावाखाली "शब्दांकन" असे लिहून तुमचे पूर्ण नाव येईल. तसा काकींचा हुकूम आहे, आणि तो मोडण्याची तालमीत कुणाची छाती नाही. पहिली प्रत घेऊन त्या स्वतःच तुमच्याकडे येणार आहेत, तेव्हा काय रागवायचे ते त्यांच्यावर रागवा.

आपला कृतज्ञ,
वस्तादांचा एक शिष्य, सर्व गुरुबंधूंच्या वतीने
कोल्हापूर