श्लोकाचा चौथा पाय

वडगाव, बेळगाव
गुरुवार, रात्री

चि. सुमास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर म्हणालीस, "बाबा, मी आता कामातनं मन काढून घेतलंय. सांगतील तेवढंच करते आणि सहाला उठते. तुम्हीच म्हणता की, फळाची आशा धरू नये." माग चालू होता, आई सुताच्या कांड्या भरत शेजारीच बसली होती, म्हणून मी नुसतं हूं हूं केलं. पण चार दिवस झाले, ते वाक्य डोक्यातनं जाईना.

तुझा राग मला कळतो. सहा महिने जागून केलेलं काम साहेबानं आपल्या नावावर वर दाखवलं, तर कुणाचंही डोकं फिरेल. फक्त त्या रुसव्याला गीतेचं नाव देऊ नको. तो श्लोक आपल्याकडे सगळ्यांना अर्धाच पाठ असतो. 'कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन' म्हणायचं आणि थांबायचं. पुढं आणखी दोन पाय आहेत, आणि शेवटचा आहे 'मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि'. काम न करण्याचीसुद्धा ओढ धरू नको, असं तिथं स्वच्छ सांगितलंय. टिळकांनी गीतारहस्यात या चार पादांना मिळून कर्मयोगाची चतुःसूत्री म्हटलंय. तू बाजेचा एक पाय काढलास आणि वर निवांत आडवी झालीस!

आता माझंच एक ऐक. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

तू सातवी-आठवीत असशील. एका व्यापाऱ्यानं माझ्या सहा साड्यांतल्या एकीत खोट काढून पैसे कापले. मला ती खोट काही दिसली नाही. घरी आलो, जेवलो नाही, सरळ मागावर जाऊन उभा राहिलो. हात मागावर आणि जीव त्याच्या दुकानात. मनातल्या मनात त्याला काय काय सुनावत होतो! तेवढ्यात ताण्यातला, म्हणजे उभ्या सुतातला, एक धागा तुटला. हजारो धाग्यांतला एक तुटला तर मागाचा आवाज बदलत नाही, तो डोळ्यांनीच बघावा लागतो. माझे डोळे उघडे होते, पण बघत कोण होतं? दीड हात कापड तसंच पुढं गेलं. साडीत उभी रेघ पडली, केसात भांग पडावा तशी. व्यापाऱ्यानं दाखवलेली खोट खरी की खोटी, देव जाणे. ही मात्र मी माझ्या हातानं विणली.

शेजारचे म्हातारे विणकर, आता नाहीत ते, तेवढ्यात आत आले. त्यांची बोली कानडी. माझी सगळी कर्मकथा त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, "इरली बिडरी." असू दे, सोड. पण असं म्हणता म्हणता त्यांचा हात कुठं गेला माहीत आहे? त्यांनी माग बंद केला, चष्मा कपाळावरनं खाली ओढला, तुटलेलं टोक शोधलं, थुंकी लावून पीळ दिला, गाठ मारली आणि फणीतनं धागा ओढून घेतला. व्यापाऱ्याला सोडलं, धाग्याला नाही सोडलं. तू नेमकं उलटं करतेस. धागा सोडून दिलास आणि साहेबाला रोज घरी घेऊन येतेस. जेवतानाही तोच असतो तुझ्यासमोर.

ओतप्रोत हा शब्द आपण प्रेमाबिमासाठी वापरतो, पण तो मूळचा आपल्या धंद्यातला आहे. बृहदारण्यक उपनिषदात भर सभेत गार्गी याज्ञवल्क्य ऋषीला विचारते, हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, मग पाणी कशात? ओत म्हणजे उभं विणलेलं, प्रोत म्हणजे आडवं. विचारत विचारत ती इतकी वर जाते की याज्ञवल्क्य म्हणतो, आता पुरे, नाहीतर डोकं गळून पडेल. पण बाई गप्प बसत नाही, थोड्या वेळानं पुन्हा उठून विचारते. तेव्हा कुठं तो अक्षराचं नाव घेतो, न झिजणाऱ्याचं. एवढ्या मोठ्या सभेत बाईनं ताण्याबाण्याची भाषा बोलावी, याचं मला फार अप्रूप वाटतं. मी दहावी शिकलेला माणूस, अक्षर-ब्रह्म मला काय कळणार. पण मान, अपमान, साहेब, बढती हे आडवे धागे आहेत एवढं कळतं. कांडी संपते, रंग बदलतो. त्यातल्या एका धाग्याला 'हीच मी' म्हणून धरून बसायचं नसतं.

आणि हे साहेबांचं दुखणं काही तुझ्यापासनं सुरू झालेलं नाही. १८९२ च्या ऑक्टोबरात विवेकानंद आपल्या बेळगावात आले होते. आधी रिसालदार गल्लीत भाटे वकिलांकडे, मग किल्ल्यात हरिपद मित्रांकडे राहिले. हरिपदबाबू जंगल खात्यातले अधिकारी. त्यांनाही वरिष्ठांची बोलणी फार लागायची आणि नोकरी म्हणजे बेडी वाटायची. स्वामीजींनी काय सांगितलं ते त्यांनी आठवणीत लिहून ठेवलंय. थोडक्यात असं, की नोकरी तुम्ही पैशासाठी स्वतःहून धरली आहे, पैसे मिळतात, कुणी बांधून ठेवलेलं नाही, सोडायची तर सोडा. मग रात्रंदिवस वरिष्ठांच्या नावानं कुढता कशाला? वैराग्याचा उपदेश करतील असं वाटावं आणि संन्यासी बोलला एकदम रोखठोक! पुढं ते नवरा-बायको दोघंही त्यांचे शिष्य झाले. किल्ल्यातलं ते घर तू बघितलंयस, रामकृष्ण आश्रमातलं. शाळेच्या सहलीत तिथं तुझी चप्पल हरवली होती.

याचा अर्थ मुकाट्यानं सोस असा नाही, हे आईनं मुद्दाम लिहायला सांगितलंय. तिचं म्हणणं, पोरगीला गरीब गाय करू नका. कागदपत्रं गोळा कर, त्या साहेबाच्या समोर बसून शांतपणे विचार, नाही जमलं तर वरच्याला लिही. तरी काही हललं नाही तर दुसरी नोकरी बघ, आमची ना नाही. मात्र जोवर त्या खुर्चीवर आहेस तोवर कापडात रेघ पाडू नको.

आणि ते नवीन आलेलं पोरगं, ज्याला शिकवायचं तू बंद केलंस म्हणालीस, त्यानं तुझं काय घोडं मारलंय? सोमवारपासनं त्याला पुन्हा शेजारी बसवून घे.

मंगाईदेवीच्या यात्रेला येणारच आहेस. रेल्वेचं तिकीट आत्ताच काढ, मागच्या वर्षी रात्रभर उभी राहून आलीस. ती रेघेची साडी कुणी घेतली नाही, तुझी आई नेसते. हिरवी, बारीक काठाची. रेघ निऱ्यांत दडते म्हणून कुणाला कळत नाही, असं ती म्हणते. मला रोज दिसते.

तुझा,
बाबा