टँकरचे पाणी फ्लशमध्ये जाते, ते थांबवावे: अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती,
सहकारी गृहरचना संस्था, वाकड, पुणे

विषय: एसटीपीचे (सांडपाणी प्रक्रिया प्लांटचे) पाणी फ्लशसाठी पुन्हा सुरू करणे आणि त्या प्लांटमध्ये हवा सोडणारा ब्लोअर चोवीस तास चालवणे याबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या टाउनशिपमध्ये क्लब हाऊस आहे, स्विमिंग पूल आहे, चार हजार चौरस मीटर हिरवळ आहे. आणि त्याच टाउनशिपच्या गेटवर मार्च उजाडला की टँकरची रांग लागते. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे, ते आपल्या हातात नाही. पण मिळालेल्या चांगल्या पाण्यापैकी तिसरा हिस्सा आपण कमोडमध्ये ओततो, ते थांबवणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

हिशेब असा. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, त्यातले ४५ लिटर फ्लशचे. ४२० फ्लॅट आणि घरटी चार माणसे म्हणजे फ्लशला रोज ७५,६०० लिटर. हिरवळीला चौरस मीटरमागे ५ लिटर धरले तर आणखी २०,०००. दहा हजार लिटरचे साडेनऊ टँकर झाले. वापरलेल्या पाण्याचे साधारण ८० टक्के सांडपाणी होते, म्हणजे एसटीपीत रोज सुमारे १,८०,००० लिटर येते. गरजेच्या जवळजवळ दुप्पट पाणी खाली बेसमेंटमध्ये असताना आपण बाहेरून विकत घेतो.

हे का होते, ते प्रत्येक टॉवरच्या गच्चीवर दिसते. तिथे दोन टाक्या आहेत, एक घरगुती पाण्याची, एक फ्लशची. दोन्हींना जोडणारी दोन इंची बायपास लाइन आहे आणि तिच्यावर एक वॉल्व्ह. एसटीपी बंद पडला की प्लंबर तो वॉल्व्ह उघडतो, नाहीतर संडास कोरडे पडतील. त्या वेळी ते बरोबरच असते. पण नंतर तो बंद करायचे काम कोणाच्याच यादीत नाही. मग फ्लशची टाकी सतत चांगल्या पाण्याने भरलेली राहते, तिचा फ्लोट वर उचललेला राहतो, खालून येणारे प्रक्रिया केलेले पाणी आत घेतलेच जात नाही आणि ते बेसमेंटच्या टाकीतून ओव्हरफ्लो होऊन ड्रेनेजला जाते. कागदावर प्लांट मात्र चालू.

तपासायला पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर पुरतो. स्वयंपाकघरातील नळाचे पाणी आणि फ्लशच्या टाकीतले पाणी दोन वाट्यांत घ्या. प्रक्रिया केलेल्या पाण्यात क्षार जास्त असतात, त्यामुळे फ्लशचा आकडा स्पष्टपणे वर हवा. दोन्ही आकडे सारखे आले तर बायपास उघडा आहे असे समजावे.

हा वॉल्व्ह पैशापुरता प्रश्न नाही. फ्लशच्या टाकीची पातळी वर गेली तर तेच पाणी उलटे घरगुती टाकीत शिरू शकते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसची (गुलेन बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराची) साथ आली तेव्हा पिण्याच्या पाण्याचीच तपासणी करावी लागली होती. म्हणून बायपास लाइन कापून दोन्ही बाजूंनी कॅप लावावी. अडचणीच्या दिवसासाठी चांगल्या पाण्याचा पाइप फ्लशच्या टाकीत वरून सोडावा, त्याचे तोंड ओव्हरफ्लोच्या पातळीपेक्षा किमान १५ सेंटिमीटर वर ठेवून. मग पाणी उलटे जाण्याची वाटच राहत नाही.

मात्र आज नुसता वॉल्व्ह बंद केला तर आठवडाभरात फ्लशला वास येत असल्याच्या तक्रारी सुरू होतील आणि तो पुन्हा उघडला जाईल. या वासाचे मूळ प्लांटमध्येच आहे. वीज वाचवायला रात्री ११ ते सकाळी ६ ब्लोअर बंद ठेवतात. एरेशन टँकमधले, म्हणजे हवा सोडण्याच्या टाकीतले, घाण खाणारे जिवाणू हवेवर जगतात. हवा थांबली की गाळ तळाला बसतो, डिफ्यूझरची (तळाशी हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या भागाची) छिद्रे बुजतात, गाळ सडून सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. आणि सकाळी सहाला, सगळा टॉवर आंघोळीला लागतो तेव्हा, अर्धमेल्या प्लांटवर दिवसातला सर्वात मोठा लोंढा येतो. साडेसात एचपीचा ब्लोअर सात तासांत सुमारे ४० युनिट घेतो. एका टँकरच्या बिलापेक्षा ही वीज स्वस्त पडते.

ऑपरेटरने रोज एक साधी चाचणी करावी. एरेशन टँकमधले पाणी एक लिटरच्या मोजपात्रात घेऊन अर्धा तास न हलवता ठेवायचे. गाळ २५० ते ४०० मिलीवर बसला आणि वरचे पाणी नितळ असले तर प्लांट ठीक. १०० च्या खाली असेल तर जिवाणू कमी आहेत, ५०० च्या वर गेला तर जास्तीचा गाळ काढायला हवा. पांढरा फेस बहुधा डिटर्जंटचा किंवा कमी गाळाचा, तपकिरी चिकट फेस जुन्या गाळाचा. हा आकडा लॉगबुकमध्ये लिहिला जावा. सध्या तिथे फक्त ‘ओके’ लिहिलेले असते.

ऑइल ट्रॅप आठवड्याला साफ व्हावा, सँड फिल्टरला रोज दहा-पंधरा मिनिटे बॅकवॉश (उलट्या प्रवाहाने धुणे) मिळावा. जंतुनाशक हायपोक्लोराइटचे कॅन उन्हात ठेवलेले आहेत, तिथे त्याची ताकद उडते. ते सावलीत हलवावेत. दरमहा प्रयोगशाळेचा अहवाल नोटीस बोर्डवर लागावा. फ्लशसाठी बीओडी (पाण्यात उरलेल्या सेंद्रिय घाणीचे माप) लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा कमी हवा.

सभासदांनाही एक परिपत्रक काढावे. वेट वाइप्स आणि सॅनिटरी पॅड कमोडमध्ये टाकू नयेत, तळणीचे तेल सिंकमध्ये ओतू नये, ॲसिड आणि ड्रेन क्लीनर बाटलीभर वापरू नये. शेवटच्या गोष्टीने जिवाणू मरतात, हे त्यात स्पष्ट लिहावे.

प्रत्येक टॉवरच्या फ्लश लाइनवर आणि टँकरच्या इनलेटवर मीटर बसवण्याचा खर्च ३० सप्टेंबरपूर्वीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. ब्लोअर रात्री चालू ठेवणे आणि रात्रपाळीचा ऑपरेटर नेमणे यासाठी मात्र सभेची वाट पाहण्याची गरज नाही. ते समितीने याच आठवड्यात करावे, ही आग्रहाची विनंती. एसटीपीचे मूळ नकाशे विकसकाकडून अजून आलेले नसतील तर तेही लेखी मागवावेत, बायपास नेमका कुठे कुठे आहे ते त्यातच कळेल.

कळावे,
आपला,
सी-विंगमधील एक सभासद