नानांच्या चित्रामागे काय लावावे

नौपाडा, ठाणे
8 जून

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचा फोटो दोन्ही मिळाले. नानांची टोपी, चष्म्याची काडी आणि ओठांशेजारची ती सुरकुती तू प्लायमध्ये इतकी नेमकी कापली आहेस की त्यांना ओळखणाऱ्याला नाव सांगावे लागणार नाही. आता चित्रामागे कमी खर्चात काय लावावे असे तू विचारले आहेस. तुझी निवड चुकू नये असे मला मनापासून वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

स्क्रोल सॉच्या, म्हणजे बारीक पात्याच्या करवतीने कापलेल्या, व्यक्तिचित्रात लाकूड म्हणजे उजेड आणि कापून काढलेला भाग म्हणजे सावली. नानांच्या डोळ्यांतील बुबुळे तू कापून टाकली आहेस, त्यामुळे ती आता पाठीमुळेच, म्हणजे चित्रामागे लावलेल्या थरामुळेच, दिसणार आहेत. पाठ चमकदार असेल तर समोरच्या ट्यूबलाइटचा उजेड थेट त्या बुबुळांमधून परत येईल आणि सावली मरेल. म्हणून काळेपणाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व मी पृष्ठभाग मॅट असण्याला देतो. तुझे प्लाय 6 मिलीमीटरचे असल्यामुळे कापलेल्या कडांची सावलीही आत पडेल आणि पाठ थोडी राखाडी असली तरी ती गडदच भासेल. प्लाय 3 मिलीमीटरचे असते तर एवढी सवलत मिळाली नसती.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे काळा कार्डशीट, जो स्टेशनरीच्या कोणत्याही दुकानात मिळतो. तात्पुरत्या कामाला तो उत्तम आहे, पण नानांच्या चित्राला मी तो सुचवणार नाही. साधा रंगवलेला काळा कागद उन्हात हळूहळू तपकिरी किंवा हिरवट पडतो. तुला पडताळून पाहायचे असेल तर कागदाची एक पट्टी घेऊन तिचा अर्धा भाग अ‍ॅल्युमिनियम फॉइलने झाकून खिडकीत ठेव. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात तिचे दोन भाग जुळतात का ते पाहा. शिवाय आपल्याकडच्या दमट हवेत कागद फुगतो, आणि तो खळीने चिकटवला तर पिठाच्या लोभाने कसर लागते. परदेशी कारागीर आम्लमुक्त कागदाचा आग्रह धरतात, पण तो नियम मुख्यतः जुन्या फोटोंसाठी आणि जलरंगाच्या चित्रांसाठी आहे. येथे चित्रच लाकडाचे असून लाकूड स्वतःच आम्ले सोडते, त्यामुळे त्या कागदासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही.

हस्तकलेच्या दुकानात फेल्ट, म्हणजे तंतू दाबून केलेले मऊ कापड, मिळते. ते बहुधा पॉलिएस्टरचे असल्यामुळे त्याला कीड लागत नाही, आणि त्याचे तंतू उजेड अडवून धरत असल्यामुळे ते छान काळे दिसते. मखमल तर त्याहूनही गडद असते. तरी फेल्टविषयी माझी एक तक्रार आहे. ते मऊ असल्यामुळे दाबले की चित्राच्या बारीक जिभा, म्हणजे भुवया, मिशीचे केस, चष्म्याची काडी, कमी-अधिक खाली जातात आणि सपाटपणा बिघडतो. प्लाय कापताना उरलेला भुस्साही त्यात असा अडकतो की ब्रशने झाडला तरी निघत नाही. ज्या चित्रात मोठे सलग तुकडे असतात तेथे फेल्ट अवश्य वापर, पण चेहऱ्याला नको.

घोडबंदर रोडवरच्या नव्या इमारतींत सुतारकाम सतत चालू असते आणि तेथे सनमायकाचे उरलेले तुकडे ढिगाने पडलेले असतात. काळ्या मॅट सनमायकाचा तुकडा मिळाला तर तो पाण्याला दाद देत नाही आणि त्याचा रंगही टिकतो. मात्र तो एक मिलीमीटरच्या आसपास जाड आणि ठिसूळ असल्यामुळे कापताना कडा उडतात, आणि त्याच्या दर्शनी बाजूवर पांढरा फेविकॉल धरत नाही. नानांच्या डोळ्यांतील प्रकाशाचे ते दोन बारीक ठिपके कुठल्याच बाजूने जोडलेले नाहीत हे मी फोटोत पाहिले. असे सुटे ठिपके पाठीवरच चिकटवावे लागतात, आणि तुला ज्यावर पुढे-मागे सरकवून जागा नेमकी ठरवता येईल असा गोंदच लागेल. रबराचा गोंद किंवा झटपट चिकटणारे द्रव दुसरी संधी देत नाही. म्हणून तुझ्या कामासाठी सनमायका मी बाद करतो.

माझा कौल 3 मिलीमीटरच्या हार्डबोर्डला आहे. फ्रेमवाले फोटोच्या मागे तोच तपकिरी बोर्ड लावतात, आणि त्यांच्याकडे उरलेले तुकडे नगण्य किमतीत मिळतात. पूर्ण तक्ता 8 बाय 4 फुटांचा असतो; त्यातून ए-3 मापाच्या वीस-बावीस पाठी निघतात, म्हणून दोघातिघांनी मिळून घेतला तर प्रत्येकी खर्च फारसा उरत नाही. तो रंगवायला शाळेच्या फळ्याला लावतात तो ब्लॅकबोर्ड पेंट घे. हार्डवेअरच्या दुकानात छोटा डबा मिळतो, तो अनेक चित्रांना पुरतो आणि वाळल्यावर मुळीच चमकत नाही. चमक हवी असणाऱ्यांसाठी एनॅमल आहेच, पण तो या कामाला चालणार नाही.

रंगवताना एक गोष्ट मात्र जिवाच्या आकांताने पाळ, ती म्हणजे दोन्ही बाजू रंगव. एकच बाजू रंगवली तर दुसरी बाजू हवेतला ओलावा पिते आणि पावसाळ्यात बोर्ड चित्रासकट धनुष्यासारखा वाकतो. कडांनाही विसरू नकोस, कारण ओल प्रथम तेथूनच शिरते. माझ्या घराची पश्चिमेकडची भिंत जुलैत कायम ओलसर असते, म्हणून तेथे टांगायच्या चित्राच्या पाठीमागे मी चारही कोपऱ्यांत रबराचे छोटे ठोकळे लावतो, म्हणजे भिंत आणि बोर्ड यांच्यात हवा खेळते. देवरुखच्या पावसात तुला याची अधिकच गरज पडेल. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला तक्ता, हाही वापरता येतो आणि तो जास्त गुळगुळीत असतो, पण साध्या एमडीएफच्या उघड्या कडा पाण्याच्या स्पर्शाने फुगतात, म्हणून कोकणासाठी मी तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

चित्राला तेल किंवा पॉलिश लावायचे असेल तर ते पाठ चिकटवण्याआधीच लाव आणि पूर्ण वाळू दे. तेल ओले असताना पाठ लावली तर काळ्यावर डाग उमटतात. चिकटवण्यापुरता पांढरा फेविकॉल उत्तम आहे, पण तो पाठीवर कधीही पसरू नकोस. काचेच्या तुकड्यावर छोट्या स्पंज रोलरने त्याचा पातळ थर कर, रोलर चित्राच्या मागील बाजूवर फिरव, मग चित्र एकदाच सरळ खाली ठेव आणि वर सपाट पाटावर पुस्तके ठेव. बुबुळाच्या कडेने बाहेर आलेला थेंब पारदर्शक वाळतो, पण मॅट काळ्यावर तो चकाकतो आणि नेमका डोळ्यातच दिसतो. संपूर्ण चित्र चिकटवण्याचीही गरज नाही. ते ठिपके सोडले तर चित्र एकसंध असल्यामुळे चौकटीच्या कडेने आणि उठणाऱ्या जिभांखाली गोंद पुरतो. पुढे कधी पाठ बदलावीशी वाटली तर तेवढी सोय राहते.

रंगांचा मोह तुला होईल, कारण गडद निळी किंवा मरून पाठ छान दिसते. पण आपल्या बाजारातल्या बऱ्याच प्लायचा दर्शनी थर गर्जनचा, म्हणजे लालसर असतो, आणि त्यावर मरून टाकले तर उजेड-सावलीचा भेद पुसट होतो. तुझे प्लाय फोटोत फिकट मलईरंगाचे दिसते, ते काळ्यावर उठून दिसेल. निळा हवाच असेल तर आधी रंगवलेल्या कागदाचा तुकडा चित्रामागे धरून दूरून पाहा.

फ्रेमवाल्याकडे जाण्यापूर्वी चौकटीच्या खाचेची खोली मोजून घे. तुझे प्लाय आणि हार्डबोर्ड मिळून 9 मिलीमीटर होतात, त्यात काच आली तर आणखी 2 धर, आणि बाजारातल्या अनेक तयार चौकटींची खाच तेवढी खोल नसते. मी काच लावत नाही. काचेचा प्रकाश डोळ्यांत येतो आणि लाकडाची पोत हरवते. धूळ झाडायला मऊ ब्रश पुरतो. पाठ खाचेपेक्षा दोन मिलीमीटरने लहान ठेवण्यास सांग, म्हणजे ती फुगली तरी चौकटीवर ताण येणार नाही.

खाचेची मापे मला कळव. आमच्या गल्लीतील फ्रेमवाल्याकडे तुझ्या मापाचा तुकडा कापून, दोन्ही बाजूंनी रंगवून, मी येत्या महिन्यात एसटीने येणाऱ्या पाहुण्यांसोबत पाठवीन. डोळ्यांतले ठिपके मात्र तूच लाव. नाना कोणत्या बाजूला पाहत असत हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक नाही.

वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद सांग.

तुझा,
मिलिंद