‘फक्त बारावी’ झालेल्यांची मुंबईत गरज आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

2012 ला आपलं वेगळं बोर्ड झालं तेव्हापासून बारावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला येतोय. पेपरात ती बातमी आली की आमच्या घरी अजून मोठ्याने वाचतात. आणि निकाल लागला की जूनमध्ये गुहागर, दापोली, राजापूरकडची कितीतरी पोरं बॅगा भरून मुंबईला येतात, कोणी मामाकडे नालासोपाऱ्याला, कोणी काकाकडे दिव्याला, कोणी लालबाग-परळात गाववाल्यांच्या खोलीवर. मी पण अशीच 2023 च्या जूनमध्ये आले. अंध विद्यार्थ्यांचे पेपर लिहायच्या कामाबद्दल या पोरांसाठीच हे पत्र लिहितेय, जमलं तर नक्की छापा.

वाडीत असताना मदतीला कोणी बोलवावं लागत नाही. मयत असो, लग्न असो, नाहीतर पावसाच्या आधी घर शाकारायचं असो, माणसं येतातच आणि त्यात आपण पण असतोच, कोणी विचारत पण नाही येशील का म्हणून. मुंबईत आल्यावर पहिले चार महिने मला कोणी एक काम सांगितलं नाही. मामी प्रेमाने करायची सगळं, पण कॉलेज ते घर आणि घर ते कॉलेज, बिल्डिंगमध्ये बाजूला कोण राहतं ते पण माहीत नाही. एवढ्या माणसांत आपण कोणाच्याच उपयोगाचे नाही, असं वाटून रात्री रडू यायचं, खरं सांगते.

मग ऑक्टोबरमध्ये वर्गाच्या ग्रुपवर मेसेज आला. एसवायबीएच्या (बीएच्या दुसऱ्या वर्षाच्या) अंध विद्यार्थिनीला रायटर पाहिजे, बारावी पास, मराठी मीडियम, पाच पेपर. मी तो मेसेज तीनदा वाचला. मराठी मीडियम आणि फक्त बारावी, या दोन गोष्टी मी मुंबईत आल्यापासून हळू आवाजात सांगत होते आणि इथे कोणीतरी नेमकं तेच मागत होतं.

का मागत होतं ते नंतर कळलं. रायटर म्हणजे लेखनिक, विद्यार्थी तोंडाने सांगतो ते पेपरात उतरवणारा. केंद्र सरकारच्या 2018 च्या सूचनांप्रमाणे तेव्हा विद्यार्थ्याने स्वतःचा लेखनिक आणला तर त्याचं शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा एक पायरी कमी लागायचं, उगाच कोणी जास्त शिकलेल्याने पेपर सोडवून देऊ नये म्हणून. म्हणजे नोकरी करणारी, ग्रॅज्युएट झालेली माणसं मनात असूनही कॉलेजच्या मुलांना चालत नाहीत, आणि ज्यांचं शिक्षण बसतं ती बरोबरीची पोरं स्वतःच परीक्षेला बसलेली असतात. दर परीक्षेला हीच शोधाशोध. त्यामुळे आत्ता जी पोरं गावाहून येतायत ती या कामाला अगदी बरोबर बसतात, तुमचा पेपर ज्या दिवशी नाही त्या दिवशी तुम्ही कोणाचा तरी पेपर लिहू शकता.

पहिल्या पेपरला माझेच हात गार पडले होते. आम्हाला वेगळी खोली दिली होती, कारण ताई, म्हणजे ती अंध विद्यार्थिनी, बोलणार आणि मी लिहिणार. तिने आधी सगळी प्रश्नपत्रिका दोनदा वाचून घेतली, मग म्हणाली, चौथा प्रश्न पहिला घे. आणि सुरू झाली ती डोळ्यासमोर पुस्तक असल्यासारखी, इथे स्वल्पविराम, आता पॅरा बदल, हा शब्द अधोरेखित कर. मध्ये एका ठिकाणी ती साल चुकली. मला ते साल माहीत होतं, पेन थांबलं, पण मी ती म्हणाली तेच लिहिलं, कारण पेपर तिचा आहे आणि मार्कही तिचेच. दोघी बाहेर आल्यावर मी सांगितलं तर म्हणाली बरं झालं तुझ्या मनाने लिहिलं नाहीस. मनगटावर ब्रेलचं घड्याळ, झाकण उघडून काट्यांवर बोट फिरवायची आणि मला सांगायची अजून 40 मिनिटं आहेत, अक्षर चांगलं काढ. तासाला किमान 20 मिनिटं जास्त मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो. संध्याकाळी माझी बोटं सरळ होत नव्हती आणि मामीने विचारलं तर मी चार महिन्यांत पहिल्यांदा अर्धा तास बोलले असेन.

मुंबई मला या ताईनेच शिकवली. दादरला मी दरवेळी चुकायची, ती नाही. आधी तिने मला सांगितलं माझा हात ओढू नकोस, तुझं कोपर मला धरू दे, तू अर्धं पाऊल पुढे चाल. मग कुठे वळायचं ते तीच सांगायची, फुलांचा वास आला की समज वेस्टला उतरलो. त्याच डिसेंबरात दादरच्या मध्य रेल्वेच्या प्लॅटफॉर्मचे नंबर बदलले, एकचा आठ झाला, सगळे बोर्ड बघत उभे होते आणि ही मला म्हणते नंबर बदलले, पायऱ्या कुठे बदलल्या?

आता एक तक्रार पण करते, मनाला लागलेली आहे. एका कॉलेजात फॉर्मवर सही राहिली म्हणून आम्हाला पेपर सुरू झाल्यावर 25 मिनिटं ऑफिसबाहेर उभं केलं. फॉर्म आठ दिवस आधी दिलेला होता. नंतर वेळ वाढवून मागितला तर म्हणाले तुम्हाला आधीच जास्त वेळ आहे ना. तो जास्तीचा वेळ उपकार नाही हो, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात लेखनिक आणि जादा वेळ दोन्ही लिहून दिलंय. आणखी एकीकडे झेरॉक्स मशीनच्या बाजूला पॅसेजमध्ये बसवलं, ताईला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. माझी सगळ्या परीक्षा केंद्रांना कळकळीची विनंती आहे की रायटरचा फॉर्म आदल्या दिवशीपर्यंत पूर्ण करून ठेवा आणि बंद दाराची एक खोली द्या. मुंबईतल्याच नाही, रत्नागिरी-चिपळूणच्या केंद्रांनी पण.

दुसरी विनंती आपल्या ग्रामविकास मंडळांना. गावातून नवीन पोरगं आलं की तुम्ही त्याला क्रिकेटच्या टीममध्ये घेता, पूजेची वर्गणी घेता, चांगलंच आहे. तसंच मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज टाका की रायटर म्हणून कोण जाईल, आणि चार नावं जवळच्या कॉलेजला कळवा. वरळीला नॅब ही अंधांसाठीची संस्था आहे, सीएसएमटीजवळ सेंट झेवियर्स कॉलेजात दृष्टिहीन विद्यार्थ्यांचं केंद्र आहे, तिथे पण जाऊन विचारता येईल. पैसे लागत नाहीत, ओळख लागत नाही, अक्षर वाचता येण्यासारखं असलं आणि शब्द पाळता आला की झालं.

शब्द पाळणं मात्र खरंच महत्त्वाचं. ऐनवेळी रायटर आला नाही तर वर्षभर रेकॉर्डिंग ऐकून केलेला अभ्यास तसाच राहतो. मार्चच्या पेपरांमुळे एका शिमग्याला माझी पालखी चुकली. आई फोनवर रागावली तेव्हा मी फोन ताईकडे दिला, दोघी काय बोलल्या माहीत नाही, पण तेव्हापासून आई मला फोन केला की आधी तिचे पेपर कधी आहेत ते विचारते आणि मग माझ्या तिकिटाचं बघते. तुम्ही पण गणपतीचं आणि शिमग्याचं तिकीट काढायच्या आधी तारखा विचारून घ्या.

आपली एक वाचक,
ता. गुहागर, सध्या नालासोपारा