कॅमचा पहिला जॉब मशीनवरच व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिरोली एमआयडीसीत माझे छोटे मशीनशॉप आहे. फौंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचे मशीनिंग आम्ही करतो. मेकॅनिकल डिप्लोमा झालेली मुलंमुली आमच्याकडे कामाला येतात, म्हणून कॉलेजातल्या कॅमच्या (संगणकाच्या मदतीने मशीनवर काम करण्याच्या) प्राथमिक विषयाबद्दल चार शब्द लिहीत आहे.

मुलं हुशार असतात. जी००, जी०१, एम०३ हे मशीनला हुकूम देणारे कोड तोंडपाठ. सॉफ्टवेअरवर टूलपाथ, म्हणजे टूलचा मार्ग, झटकन काढतात, पडद्यावर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, सुरेख कापून दाखवतात. पण व्हीएमसीसमोर (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनसमोर) उभं करून ‘जॉब बांध आणि जी५४ घे’, म्हणजे जॉबचा शून्य मशीनला दे, म्हटलं की हात थबकतात. जॉबचा शून्य कुठे धरायचा, जॉबची कड शोधणारा एज फाइंडर कसा टेकवायचा, टूल बदललं की लांबीचा ऑफसेट, म्हणजे टूलच्या लांबीची मशीनमधली नोंद, का तपासायची, हे त्यांनी स्वतः कधी केलेलंच नसतं. दोष त्यांचा नाही. महागडं मशीन ठोकलं जाईल या धास्तीनं बटणाला हात फक्त सर लावतात आणि मुलं भोवती उभी राहून वहीत लिहून घेतात.

पडदा बरंच काही लपवतो. जॉब धरून ठेवणारे वायस आणि क्लॅम्प सॉफ्टवेअरमध्ये काढलेच नसतील, तर टूल त्यांच्यातून आरपार गेलेलं दिसतं आणि कुणाला काही वाटत नाही. आकड्यातल्या दशांश टिंबाचंही तसंच. फॅनक कंपनीच्या बऱ्याच कंट्रोलवर ‘एक्स ५०.’ म्हणजे ५० मिलिमीटर. टिंब राहिलं तर तेच ५० मायक्रॉन होतात. वहीत ही चूक अर्ध्या मार्काची, मशीनवर जॉब भंगारात. १० मिमीच्या कटरला मिनिटाला १०० मीटर कटिंग स्पीड धरून सुमारे ३१८० आरपीएम येतो, हे गणित सगळ्यांना जमतं. पण कटर बोथट झाल्यावर आवाज कसा बदलतो, हे मशीनजवळ उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

१९५२ साली अमेरिकेत एमआयटीने कागदी फितीवरच्या भोकांनी चालणारं मिलिंग मशीन दाखवलं, तेव्हापासून फीत गेली, पडदा आला. जॉबचा शून्य कुठे, हे मात्र आजही माणूसच ठरवतो. जॉबला टेकून माप घेणारा प्रोब बसवला तरी तो कुठे टेकवायचा, ते माणसालाच सांगावं लागतं.

तंत्रशिक्षण मंडळाला माझी विनंती आहे की, या विषयाच्या प्रात्यक्षिकात प्रत्येक विद्यार्थ्याने एक तरी जॉब स्वतः बांधून, स्वतः ऑफसेट घेऊन कापावा, मायक्रोमीटरने मोजावा आणि गुण त्या मापावर मिळावेत. नायलॉनचा किंवा मेणाचा ठोकळा घ्या, रॅपिड, म्हणजे न कापता टूल सरकण्याचा वेग, २५ टक्क्यांवर ठेवा, सिंगल ब्लॉकवर प्रोग्रॅमची एकेक ओळ चालवा, आधी जॉबच्या वर हवेत ड्राय रन घ्या. एवढं पाळलं तर मशीन मोडण्याची भीती फारशी उरत नाही.

ज्या कॉलेजांकडे मशीनच कमी आहेत, त्यांनी जवळच्या कारखानदारांना विचारावं. सेमिस्टरमध्ये काही पाळ्या माझं एक मशीन आणि सोबत आमचा सेटर (जॉब-टूल बसवून मशीन तयार करणारा कारागीर) द्यायला मी तयार आहे. शिरोली, गोकुळ शिरगावात असे आणखीही निघतील. विमा आणि सुरक्षेची जबाबदारी कुणाची, एवढं मात्र मंडळाने आधी लेखी ठरवून द्यावं. त्याशिवाय आम्ही होकार देऊ शकत नाही आणि प्राचार्यही मुलांना पाठवणार नाहीत.

आपला,
एक लघुउद्योजक, शिरोली (कोल्हापूर)